शेव, जिलबी आणि मधला आंबट

नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांना लहानपणापासून खारट आणि गोड एकत्र खायला आवडतं. पेढ्याबरोबर शेव, गुलाबजामबरोबर चिवडा, गुळाच्या खड्याबरोबर खारे शेंगदाणे. घरी त्यावरून चिडवत. इथे आल्यावर सकाळी एका हातात पोहे आणि दुसऱ्या हातात जिलबी घेऊन उभी असलेली माणसं पाहिली आणि त्यांना हायसं वाटलं. त्या विचारतात की यामागे काही कारण आहे का, की ही नुसती सवय? काही जोड्या कितीही खाल्ल्या तरी चालतात आणि काही दोन घासांत नकोशा होतात, ते का? आणि ऑफिसच्या खणात ठेवायला असं खारं-गोड मिश्रण घरी करायचं तर कसं करावं? शेवेत बेदाणे मिसळले की दोन दिवसांत शेव मऊ पडते, हा त्यांचा अनुभव.

ताई, मी इंदूरला फराळाचे पदार्थ करून विकते. शेव, चिवडा, शंकरपाळी, लाडू हेच माझं रोजचं काम, आणि खारट-गोड एकत्र खाण्याची आवड तुमच्याइतकीच मलाही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कारण सांगते. थोडं मीठ गोडाला वर उचलतं. घरच्या घरी बघायचं असेल तर लिंबाचं सरबत दोन पेल्यांत करा, साखर आणि लिंबू दोन्हींत सारखंच घ्या आणि एकात फक्त चिमूटभर मीठ घाला. मीठ घातलेलं सरबत जास्त गोड आणि भरीव लागतं. शास्त्रज्ञांनी याच्या मागे जाऊन पाहिलं आहे. पॉल ब्रेसलिन आणि गॅरी ब्यूशॅम्प यांनी 1997 साली 'नेचर' मध्ये एक छोटा प्रयोग छापला. कडू पदार्थ आणि साखर यांच्या मिश्रणात त्यांनी सोडियमचा क्षार घातला, तेव्हा कडवटपणा दबला आणि त्याखाली झाकलेला गोडवा मोकळा झाला. म्हणजे मीठ गोडाच्या वाटेतला कडू बाजूला करतं. आपण रोज जे गोड खातो त्यात कडवटपणा कुठून आला, असं वाटेल. पण गुळात तो असतो, भाजलेल्या तिळात असतो, लालसर तळलेल्या मैद्यात असतो, कढवून कढवून तांबूस केलेल्या माव्यातही असतो.

दुसरं कारण पेशींमधलं. आपल्या आतड्यात ग्लुकोज आत घेणारा एक वाहक आहे, तो सोडियमची सोबत असल्याशिवाय काम करत नाही. जुलाब झाल्यावर मीठ-साखर-पाणी देतात ते याच्याच जोरावर. हाच वाहक जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या पेशींतही आहे, असं 2011 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं गेलं. तेव्हा खारट आणि गोड यांची ओळख फार जुनी आहे आणि ती शरीराच्या आतली आहे, हे घरच्यांना खुशाल सांगा.

मात्र हे सगळं थोड्या मिठाचं. मीठ वाढलं की उलट होतं, ते गोडाला दाबायला लागतं. म्हणून खाऱ्या शेंगदाण्यांवर मिठाचा पांढरा थर असेल तर गुळाची चव मिळत नाही, नुसतं तोंड खारट होतं. तेच शेंगदाणे हातावर चोळून, फुंकर मारून खा आणि मग गुळाचा खडा तोंडात टाका. फरक लगेच कळेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला खरं बोलायचं आहे ते याच्यावर. काही जोड्या टिकतात आणि काही दोन घासांत थकवतात, याचं उत्तर मीठ आणि साखर यांच्यात शोधू नका. ते या दोघांच्या मधल्या तिसऱ्या चवीत आहे. ज्या जोड्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या आहेत त्या एकेक करून बघा. बहुतेकींत आंबट कुठेतरी बसलेलं आहे. जिथे आंबट नाही तिथे थोडा कडवटपणा आहे. दोन्ही नसतील तर ती जोडी पहिल्या घासाला छान लागते आणि तिसऱ्याला जड होते.

आपली जिलबी आणि मठ्ठा घ्या. महाराष्ट्रातल्या लग्नाच्या पंगतीत ही जोडी कोणी कधी समजावून सांगितली नाही, पण वाढपी जिलबीच्या मागोमाग मठ्ठाच घेऊन येतो. मठ्ठ्यात मीठ आहे, आलं-मिरची-कोथिंबीर आहे, आणि सगळ्यांच्या खाली ताकाचा आंबटपणा आहे. तो जिभेवरचा पाक धुऊन काढतो आणि पुढची जिलबी पुन्हा पहिल्यासारखी लागते. पुरणपोळी आणि कटाची आमटी तशीच. पुरणाच्याच डाळीचं पाणी, पण त्यात चिंच किंवा आमसूल, गोडा मसाला, मीठ. कट काढून टाकला आणि साधं वरण वाढलं तर पोळी तीच असूनही एका पोळीवर माणूस थांबतो. बडोद्याकडे फाफडा-जिलबी खातात, तिथेही बाजूला कच्च्या पपईचा संभारो, म्हणजे फोडणीत परतलेला कीस, आणि तळलेली मिरची असते, कढीसारखी पातळ चटणी असते. नुसता फाफडा आणि नुसती जिलबी कोणी पुढे ठेवत नाही.

आणि आपले इंदूरचे पोहे. यांच्यावर मी थांबणार आहे, कारण बाहेरून आलेली माणसं इथले पोहे खातात, छान आहेत म्हणतात, पण त्यात नेमकं काय चाललंय ते पाहत नाहीत. नाशिक-पुण्याचे कांदेपोहे कढईत कांद्याच्या फोडणीवर परततात. इथे पोहे वाफेवर ठेवलेले असतात. खाली पाणी उकळत असतं, वर पातेलं किंवा परात, त्यात भिजवून निथळलेले जाड पोहे. हळद, मीठ आणि साखर आधीच लावलेली. फोडणीत मोहरी, हिरवी मिरची आणि बडीशेप. तेल बेताचं. वाफेमुळे दाणा न् दाणा मऊ राहतो आणि तासभरानंतरही कोरडा पडत नाही. साखर आणि बडीशेप दोन्ही पोह्यांतच असल्यामुळे गोडाची पहिली पायरी तिथेच तयार असते. त्यावर शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर, कुठे डाळिंबाचे दाणे, कुठे खारी बुंदी, मग जिरावन आणि शेवटी लिंबू. 

जिरावन नाशिकला मिळत नसावं म्हणून सांगते. जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, लाल मिरची, हिंग, हळद, आमचूर आणि काळं मीठ यांची ही पूड. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, पण काळं मीठ आणि आमचूर नसेल तर ते जिरावन नव्हे. पोह्यांवर खारट येतं ते असं आमचुराचा हात धरून. लिंबाची भर त्यावर. मग जिलबी. इथली जिलबी मैद्याचं पीठ आंबवून करतात, त्यामुळे पाकाच्या गोडाखाली तिचा स्वतःचा थोडा आंबटपणा असतो. पोह्यांतला आंबट आणि जिलबीतला आंबट एकमेकांना भेटतात, आणि म्हणून खारट आणि गोड एका प्लेटमध्ये भांडत नाहीत. न आंबवता, सोडा घालून घाईत केलेली जिलबी पोह्यांबरोबर खाऊन बघा. गोड तितकीच असेल, पण प्लेट संपवताना कंटाळा येईल.

जिलबी बारीक, कडक आणि गरम हवी. गरम यासाठी की गोडाची जाणीव तापमानावर अवलंबून असते. साधारण 15 अंशांपासून 35 अंशांपर्यंत तापमान वाढत जातं तशी जीभ गोडाला जास्त जागी होते. 2005 मध्ये याचं कारणही सापडलं, चवीच्या पेशींतली एक वाहिनी उष्णतेने जास्त उघडते. म्हणून गरम जिलबीचा छोटा तुकडा पुरतो आणि गार जिलबी जास्त खाल्ली जाते. सराफ्यात, म्हणजे इथल्या सोनारांच्या गल्लीत, रात्री जो भला मोठा जलेबा मिळतो तो पोह्यांसाठी नाही. त्याच्या जाड नळीत पाक फार, कुरकुरीतपणा कमी. तो चारजणांत वाटून, वर रबडी घेऊन खावा, तेव्हा त्याची मजा आहे.

आणि जिलबी पोह्यांत कुस्करू नका. मला हे वारंवार सांगावं लागतं. दोन-तीन घास पोह्यांचे, मग एक तुकडा जिलबीचा, पुन्हा पोहे. मिसळलं की दोन्ही चवी सपाट होतात. माणूस एकाच चवीला लवकर विटतो, पण चव बदलली की पुन्हा भूक लागल्यासारखं वाटतं. बार्बरा रोल्स या संशोधक बाईंनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला यावर काम केलं. जो पदार्थ खाऊन पोट भरलं त्याचीच गोडी कमी होते, दुसऱ्याची तशीच राहते. खारट-गोडाची सगळी ओढ यातच आहे, एक दुसऱ्याला ताजं ठेवतं. ते ताजेपण हवं असेल तर दोन्ही वेगवेगळे राहिले पाहिजेत. याचा तोटाही तुमच्या लक्षात आला असेल, तिकडे शेवटी येते.

तुमच्या जोड्यांकडे येऊ. गुलाबजाम आणि चिवडा ही जोडी मला पटत नाही, म्हणजे तुम्ही जशी खाता तशी पटत नाही. गुलाबजामात मावा आहे, तूप आहे, पाक आहे. स्निग्धाचा थर जिभेवर बसला की वरून आलेलं मीठ उशिरा पोचतं. तुम्ही म्हणता ना की दोन घासांत नकोसं होतं, ते हेच. चिवड्यात आंबट काही नसतं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटात गुलाबजाम असेल तर मी चिवड्यावर लिंबाचे थेंब आणि बारीक चिरलेला कांदा घालून तो लगेच वाढते, आणि गुलाबजाम पाकातून निथळून घेते. एवढ्याने काम होतं. पेढा आणि शेव मात्र जमते, विशेषतः पेढा जास्त भाजलेल्या माव्याचा असेल तर. मथुरेच्या पेढ्यासारखा तांबूस मावा थोडा कडवट असतो आणि मीठ त्याचा गोडवा उघडून देतं. पांढऱ्या मऊ पेढ्याला हे होत नाही.

शेव कुठली घेता तेही महत्त्वाचं आहे. इथे दुकानात नुसती शेव द्या म्हटलं तर समोरचा विचारतो, भिया, कौनसी? लवंगेची, लसणाची, पालकाची, जाड, बारीक. गोडाबरोबर लसणाची शेव कधीच नको. लसूण दुधाच्या गोडाला मारतो आणि बराच वेळ तोंडात राहतो. लवंगेची शेव सगळ्यात चांगली. लवंग, मिरी, ओवा यांचा तिखटपणा गोडाशी जुळतो, कारण हेच मसाले आपण गोडातही वापरतो. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे, ती लवंग-मिरीवरच उभी आहे. काळं मीठ लावलेलं काहीही पेढा, बर्फी, रबडी यांच्याबरोबर घेऊ नका. त्याला गंधकाचा वास असतो, तो आंबट फळांना शोभतो, दुधाला नाही. पेरू, अननस, कैरी, संत्रं यांवर जिरावन भुरभुरवा आणि बघा. पेरवाच्या फोडीवर जिरावन हे खारट-गोडाचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात स्वस्त रूप आहे, आणि थंडीत मी ते रोज खाते.

कडवटपणाच्या बाजूने जुळणाऱ्या जोड्या आपल्याकडे कमी बोलल्या जातात. गूळ आणि खारे शेंगदाणे ही तुमची जोडी त्यातली. गुळात उसाच्या रसातले क्षार आणि किंचित कडवटपणा राहिलेला असतो. शेंगदाणा खरपूस भाजलेला असतो. मीठ दोघांनाही खुलवतं. पांढऱ्या साखरेबरोबर तोच शेंगदाणा खाऊन बघा, काहीच घडत नाही. ग्वाल्हेर-मुरैन्याची गजक घ्या, तिळाची आणि गुळाची, तिच्याबरोबर साधी मिठाची खारी घ्या. थंडीतल्या दुपारच्या चहाला यापेक्षा चांगलं मला काही सुचत नाही. फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतातल्या किबरों गावी आंरी ल रू या मिठाईवाल्याने 1977 मध्ये खारट लोण्याचं कॅरमेल केलं, ते आता जगभर झालं आहे. तिथे लोणी पूर्वापार खारवलेलंच असतं, म्हणून त्याच्या हाताशी ते होतं. पण ते जमलं कशामुळे? कॅरमेल म्हणजे साखर जाळत जाळत कडवटाच्या काठापर्यंत नेलेली. मीठ तो कडवटपणा सावरतं. नुसत्या पाकात मीठ घालून ते होणार नाही.

इंदूरच्या दोन गोष्टी अजून राहिल्या, ज्यांत खारट आणि गोड एकाच पदार्थात आहेत. एक भुट्ट्याचा कीस. पावसाळ्यात देशी कोवळी कणसं आली की ती किसून तुपावर जिरं-मिरचीच्या फोडणीत परततात, दूध घालून शिजवतात, वर लिंबू, कोथिंबीर, खोबरं. कणसाचा गोडवा आणि दुधाचा गोडवा, साखर घालायची गरज नाही. स्वीट कॉर्नचा करू नका, तो लापशीसारखा गोड होतो आणि मीठ वाढवत बसावं लागतं. दुसरा गराडू. थंडीत मिळणारा हा कंद तळून त्यावर जिरावन आणि लिंबू. सराफ्यात गेलात तर आधी गराडू, मग रबडी, असं खा. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री खाण्याची, अशी ती गल्ली आहे. तिथे चालण्याचा क्रम फार महत्त्वाचा. सुरुवातीलाच माव्याची जड, गोड मावाबाटी खाल्ली तर नंतर सगळं बेचव लागतं. जोशींकडचा दहीवडा मध्ये घ्या, दह्याचा आंबट जीभ स्वच्छ करतो.

आता डबा. तुमच्या शेवेचं काय झालं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढे कुठलाही पदार्थ मिसळताना तुम्हाला विचारावं लागणार नाही. बेदाण्यात वजनाच्या साधारण 15 टक्के पाणी असतं. तळलेल्या शेवेत जवळपास नसतंच. बंद डब्यात दोन्ही शेजारी ठेवले की ओल्याकडून कोरड्याकडे पाणी सरकतं, दोघांची ओल एका पातळीला येईपर्यंत. म्हणून शेव मऊ होते आणि बेदाणा कडक होतो, दोघांचंही नुकसान. डबा कितीही घट्ट असो, चोर आतच आहे. बेदाणे, खजूर, अंजीर, टुटीफ्रुटी, पेठ्याचे तुकडे, गुळाची चिकी, यांपैकी काहीही शेवेबरोबर साठवू नका. ते वेगळ्या छोट्या डबीत ठेवा आणि खाताना मुठीत एकत्र घ्या.

साठवायच्या मिश्रणात गोड बाजू कोरडीच हवी, आणि त्यासाठी आपल्या शंकरपाळीइतकं योग्य दुसरं काही नाही. पाव किलो मैद्याला 80 ग्रॅम पिठीसाखर, 60 ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ, आणि भिजवायला लागेल तेवढं दूध, म्हणजे पीठ घट्ट राहिलं पाहिजे. मीठ नेहमीपेक्षा जास्त वाटेल, पण आपल्याला इथे तेच हवं आहे. एरवीपेक्षा निम्म्या आकाराच्या कापा, शेंगदाण्याएवढ्या. मोठी शंकरपाळी मुठीत एकटीच येते आणि मग मिश्रणाला अर्थ राहत नाही. मंद आचेवर तळा, आतपर्यंत कोरडी होऊ द्या आणि रंग बदामीच्या जरासा पुढे जाऊ द्या. तो जो किंचित कडवटपणा येतो तो मिठाला खेळायला जागा देतो.

एक किलोच्या आसपास मिश्रणासाठी मी 300 ग्रॅम शंकरपाळी, 300 ग्रॅम लवंगेची जरा जाड शेव, 150 ग्रॅम तळलेले मक्याचे पोहे, 150 ग्रॅम सालासकट तळलेले शेंगदाणे आणि मूठभर तळलेला कढीपत्ता घेते. मसाल्यासाठी 30 ग्रॅम पिठीसाखर, 4 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम आमचूर, 5 ग्रॅम जिरावन, आणि अडीच ग्रॅम लिंबूफूल म्हणजे सायट्रिक आम्ल. लिंबूफूल वगळू नका. बाजारातलं खट्टा-मीठा मिश्रण लोकांना सोडवत नाही ते याच्यामुळे. लिंबाचा रस इथे चालणार नाही, त्यात पाणी आहे. मीठ आणि लिंबूफूल मिक्सरमधून अगदी पिठासारखं बारीक करून घ्या. कोरड्या पदार्थावरचं मीठ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला कळत नाही, जाड खडे अर्धे न विरघळताच पोटात जातात. बारीक केलं की कमी मिठात तेवढाच खारटपणा मिळतो.

क्रम असा: पोहे आणि शेंगदाणे तळून निथळले की ते गरम असतानाच मीठ, आमचूर, जिरावन आणि लिंबूफूल घालून परातीत हलवा. अंगावर तेलाचा ओलावा असतो तेव्हाच मसाला चिकटतो, गार झाल्यावर घातलेला सगळा तळाला बसतो. पिठीसाखर मात्र कोमट झाल्यावर, नाहीतर ती वितळून गोळे होतात. शेव आणि शंकरपाळी अगदी शेवटी, सगळं पूर्ण गार झाल्यावर, हलक्या हाताने. कोमट असताना झाकण लावलं तर वाफ झाकणाला जमते आणि तेच पाणी खाली येतं. शेवेत मीठ आहेच, म्हणून मसाल्यातलं 4 ग्रॅम वाढवू नका. लगेच चाखूनही ठरवू नका, चार-पाच तासांनी चव बसते.

इंदूरच्या पावसाळ्यात हेच मिश्रण तुम्हाला दगा देईल, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. साखर त्याहून वरच्या आर्द्रतेपर्यंत कोरडी राहते. पण मीठ आणि साखर एकमेकांना लागून असली की दोघांच्याही आकड्याच्या खालीच पाणी ओढायला लागतात, आणि लिंबूफूल असलं की त्याहूनही लवकर. म्हणून चिवडा टिकतो आणि खट्टा-मीठा चिकट होतो. आषाढ-श्रावणात मी मसाला मिसळतच नाही. कोरडं मिश्रण एका डब्यात, मसाल्याची पूड घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत, आणि वाटीत काढल्यावर अर्धा चमचा भुरभुरवायची. ऑफिसात तर हेच सोयीचं पडेल, ज्याला जेवढं आंबट-गोड हवं तेवढं त्याने घ्यावं. एसीच्या खोलीत डबा ठेवलात तर बाहेर पावसात नेऊन उघडू नका, गार पदार्थावर बाहेरची हवा लगेच दव धरते.

उपवासाला हेच करायचं असेल तर शंकरपाळीऐवजी काही गोड शोधत बसू नका. बटाट्याचा तळलेला कीस, शेंगदाणे, पिठीसाखर, सैंधव आणि लिंबूफूल एवढं पुरतं. बटाटा पूर्ण कोरडा तळलेला हवा, बाकी काही नाही.

प्रमाणाबद्दल स्पष्ट सांगते. चव बदलत राहिली की भूक परत येते असं वर लिहिलं, त्यामुळे खारट-गोडाचा डबा हाताशी असला की हात थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात भाजी-आमटी-पोळीतलं सगळं आलं. म्हणून डब्यातून थेट खाऊ नका, वाटी भरून घ्या आणि डबा बंद करून खणात ठेवा. सकाळी पोहे-जिलबी खायची असेल तर उसळ-पोहे मागा, मटकीची किंवा वाटाण्याची उसळ वर असली की पोट खरोखर भरतं आणि जिलबी एकच पुरते. घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्यांच्यासाठी पेरू आणि थोडं जिरावन हा पर्याय आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. त्यांना या चवीपासून अगदी तोडू नका, पेरवाच्या चार फोडींतही ती पुरेपूर मिळते.

लवंगेची शेव घेताना दुकानात चिमूटभर चाखायला मागा, इथे कोणी नाही म्हणत नाही. जुन्या तेलाचा वास असेल तर तो गोडाबरोबर दुप्पट जाणवतो, तेव्हा ती शेव नुसती खायला ठेवा आणि या मिश्रणासाठी ताज्या घाण्याचीच घ्या.